कोरा युनिफॉर्म

४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

परवा फोनवर आपण दोघी "काय? काय?" याशिवाय एक शब्द बोललो नाही. तुझा डावा कान फोनला दाद देत नाही, यंत्र लावायला तू तयार नाहीस, तेव्हा पूर्वीसारखी पत्रंच बरी. निदान माझं वाक्य तुला मध्येच तोडता येणार नाही.

नवी शाळा ठीक आहे. हुद्दा भारदस्त, शाळेची समाजकार्यकर्ती. खोली मात्र जिन्याखालची. पूर्वी तिथे फुटके फळे आणि हवा गेलेले बॉल टाकायचे. खिडकी नाही. सुट्टी झाली की वरच्या सगळ्या मजल्यांची पोरं माझ्या डोक्यावरून धडधडत उतरतात. माझं काम काय, हे अजून कुणाला नीट समजलेलं नाही. पोर रडलं, कुणाला चावलं, आठवडाभर आलं नाही, की शिक्षक म्हणतात, "न्या तुमच्या बिळात."

एक गंमत सांगते. पाचवीत एक मुलगा आहे, मी त्याला मनातल्या मनात मौनीबाबा म्हणते. एक दिवस यायचा, दोन दिवस दांडी. वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. आईने विनवलं, वर्गशिक्षकांनी दम भरला, मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, घरी चिठ्ठ्या पाठवल्या. मी काय केलं, माझ्या खोलीची किल्ली त्याला दिली. म्हटलं, रोज सकाळी तू दार उघडायचं आणि पाण्याचा जग भरून ठेवायचा. तू आला नाहीस तर मी बाहेर ताटकळत उभी. तेव्हापासून पठ्ठ्याने एक दिवस चुकवलेला नाही! आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, एवढं मुलाला कळलं की ते येतंच.

तू कशी आहेस? काका गेल्यापासून घरातच बसून नसतेस ना? शिलाई घेतेस की मशीनवर कव्हर टाकून ठेवलंयस? खरं सांग.

तुझी,
ठमी

१२ सप्टेंबर

ठमाबाई,

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. मुलांना शिकवत नाहीस हे बरंच आहे.

मी मजेत आहे. बाजारात जाते, कोपऱ्यावरच्या पोस्टात जाते. कापडवाल्याने दुकानाला नवा निळा रंग दिलाय, इतका भडक की डोळे दुखतात. त्याच्या पायऱ्यांवर एक तांबडी मांजर व्यालीय. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्या लग्नापासून कुरकुरतोय. मशीन चालू आहे. युनिफॉर्मचं काम आता मोठ्या कारखान्यांनी पळवलं, तरी काज, बटणं, उंची कमी-जास्त करणं असलं काहीबाही येतं.

तुझी ती किल्लीची युक्ती मी ढापली आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलंय. नवरा-बायको दोघंही हॉस्पिटलच्या लाँड्रीत, उजाडायच्या आत जातात. त्यांची पोर आठ-नऊ वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. आधी जिन्यात एकटीच बसलेली दिसायची, गळ्यात किल्ली, मांडीवर दप्तर. मी म्हटलं, बाई गं, माझ्या रिळांचा गुंता झालाय, सोडवशील? तासाभरात रंगवार लावून दिली! आता रोज सकाळी दारात हजर. मी काही तिला बोलावत नाही हो, ती आपणहून येते. तुझ्या भाषेत काय ते, तिच्यावाचून माझं अडतंय.

मावशी

२० सप्टेंबर

प्रिय मावशी,

वा! मी हे पत्र आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, डिग्री मी घेतली आणि काम माझी मावशी करते. सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्या फक्त हजेरीचे आकडे वाढले की हसतात.

भिंगरीला आणखी जबाबदारी दे. नुसती रिळं नको, खरी कामं दे, ज्यांचा कुणाला उपयोग होतो. अशी एकटी मुलं फुलतात गं. मौनीबाबा काल मला "जग गळतोय" म्हणाला. दोन शब्द! मी खोलीत जाऊन नाचले. डोकं छताला आपटलं.

तू बाहेर पडतेस हे वाचून जिवाला फार बरं वाटलं. मला धास्ती होती.

ठमी

१८ ऑक्टोबर

ठमे,

उशीर झाला, रागावू नकोस. हात भरलेले आहेत. सांगायला फार आहे आणि सगळं भिंगरीचंच आहे.

पोरगी म्हणजे वीज आहे. दूध तीच आणते, पाव तीच आणते. दवाखान्यातून माझ्या गोळ्याही तीच आणते, सकाळी दहाला गेलं की रांग नसते म्हणे. कापडवाल्याशी असा भाव करते की तो मला निरोप पाठवतो, "तुमच्या मॅनेजरीणबाईंना जरा आवरा." टेपने माप घ्यायला शिकवलंय. अर्धा, पाव, पाऊण सगळं तिच्या बोटांवर. काल मला म्हणाली, "आजी, तुझा एक खांदा अर्ध्या इंचाने खाली आहे." इतक्या वर्षांत तुझ्या काकांनासुद्धा ते दिसलं नव्हतं!

आणि नीटनेटकी किती! परवा तिच्या स्कर्टची उंची सोडायला घेतली. मी जन्मभर युनिफॉर्म शिवले, मला ठाऊक आहे, शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की पोरांच्या बुडाशी कापडाला बाकाची चकाकी येते आणि कोपरं विरतात. हिचा युनिफॉर्म मात्र दुकानातून काल आणल्यासारखा, कुठे घासलेला नाही, शाईचा डाग नाही. मी तिच्या आईला जिन्यात म्हटलं, पोरीला चांगलं वळण लावलंयत. ती बिचारी इतकी दमलेली असते, नुसती हसली.

तुझं ते बीळ कसं आहे?

मावशी

२९ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं तुला नीट कळेल.

सोमवारी मौनीबाबाचे वर्गशिक्षक माझ्या दारात आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, मुलगा शाळेत रोज येतो हे कबूल. पण माझ्या वर्गात शेवटचा कधी आला ते सांगा." मी हजेरी बघितली. फाटकावर हजर, वर्गात गैरहजर. सकाळी किल्लीने दार उघडायचं, जग भरायचा आणि मग दिवसभर माझ्याच खोलीत पुस्तकं रचत बसायचा. मी बाहेर कुणाच्या घरी भेटी देत असायचे, परत आले की टेबल आवरलेलं. मला वाटायचं, सुट्टीत येऊन आवरतो. खरं सांगू? मला विचारायचंच नव्हतं. आपल्या खोलीत एक मूल सुखाने बसतंय, हे बघायला मला फार आवडत होतं.

त्या दिवशी तुझं पत्र पुन्हा वाचलं. मावशी, भिंगरी सकाळी दहाला दवाखान्यात कशी असते? त्या वेळी मुलं शाळेत असतात. आणि तो स्कर्ट. बाकाची चकाकी कशी येते हे मी तुझ्याकडूनच शिकले, तुझ्या मशीनखाली बसून. मग ती चकाकी का नाही, हे तुला कळलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरं. निळं दुकान, व्यालेली मांजर हे तू बघितलंस की तिने येऊन सांगितलं? तुझी पत्रं पेटीत कोण टाकतं?

मी रागावलेली नाही. आणखी कामं दे, हे मीच तुला लिहिलं. पण मला खरं उत्तर हवंय.

ठमी

३ नोव्हेंबर

बाई,

तुझं पत्र मिळालं. चौकशी अधिकारी घरात जन्माला आली हे माहीत नव्हतं.

हो, भिंगरी सकाळची इथे असते. मग? तिला त्या शाळेत काय मिळत होतं ते विचारलंस का? शेवटच्या बाकावर बसवलेली. वाचायला उभी केली की अडखळते आणि सगळा वर्ग खीखी करतो. ती जिन्यात का बसायची असं तुला वाटतं? पाय दुखायचे म्हणून? माझ्याकडे तिला कुणी हसत नाही. माझ्याकडे ती पाऊण इंच काढून दाखवते, तुझ्या शाळेला ती धड्याची एक ओळ वाचू शकत नाही एवढंच दिसतं. चार दिवस चुकले तर आभाळ कोसळत नाही.

आणि मी तिला कधीच थांब म्हटलेलं नाही. एकदासुद्धा.

माझ्या जाण्या-येण्याची उठाठेव तुला नको. तुझी आई गेली तेव्हा तुला मी वाढवलं, तू मला नाही. पुस्तकं वाचून दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय लागली की आपली माणसंही केस वाटायला लागतात. कर माझाही कागद, लाव फायलीला.

हे पत्रही तीच टाकणार आहे. लिहून ठेव.

मावशी

१० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तू रागावलीस, बरं झालं. तुझा राग मला सोसतो, तुझं "मी मजेत आहे" सोसत नाही.

मी एक गोष्ट केली आहे, तुझ्यापासून लपवणार नाही. तुमच्या भागात शाळा एकच, भिंगरीच्या त्या शाळेतही माझ्यासारखी एक ताई आहे. तिला फोन केला. तुझं नाव सांगितलं, आणि तू माझी मावशी आहेस, हेही सांगितलं.  काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली माझी. जगाच्या पोरांना शाळेत आणायला निघाले आणि ही माझ्याच घरात अडकली.

तिने जे सांगितलं ते ऐक. चार दिवस नाहीत, मावशी. शाळा सुरू झाल्यापासून ती जेमतेम काही दिवस गेली आहे. हे असंच राहिलं तर तिचं वर्ष जाईल, आणि ती पुन्हा लहान मुलांत बसेल, तेव्हा खीखी दुप्पट होईल. आईबापांना काही माहीत नाही. चिठ्ठ्या तिच्याच हातात दिल्या होत्या, त्या घरी पोचल्याच नाहीत. ते उजाडायच्या आत जातात, संध्याकाळी येतात तेव्हा पोर युनिफॉर्म घालून दारात. त्यांना वाटतं, शाळेतून आली.

वर्गातल्या हसण्याबद्दल तू बरोबर आहेस. अगदी बरोबर. ते मी ताईला सांगितलं, पाऊण इंचाचंही सांगितलं. ती म्हणाली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्यावाचून कुणाला ते दिसलंही नसतं.

पण "मी थांब म्हटलं नाही" हे नको म्हणूस. मीही मौनीबाबाला थांब म्हटलं नव्हतं. मुलांना सांगावं लागत नाही गं. मोठं माणूस दाराकडे बघून घाबरतं, ते त्यांना दिसतं आणि ती थांबतात. भिंगरी शाळेला घाबरते हे निम्मं झालं. ती गेली तर तुला पाव कोण आणणार, हे उरलेलं निम्मं.

आम्ही मौनीबाबाची किल्ली काढून घेतली नाही. दार फक्त मधल्या सुट्टीत उघडायचं ठरलं. पहिल्या दिवशी तो वर्गाच्या दारात उभा राहिला, मी शेजारी उभी होते, दोघंही भिंतीला चिकटलेले. आत ढकललं नाही. चौथ्या दिवशी तो आत गेला.

ताई पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येईल, आधी कळवून. मी येऊ का? परीक्षा आहेत, पण तू एक शब्द लिही, सुट्टी टाकून येते.

ठमी

२० नोव्हेंबर

ठमे,

येऊ नकोस. आधी सगळं ऐक.

ताई आली. तुझ्यापेक्षा पोरसवदा, पण तुझ्यासारखीच आधी पायातलं काढून मग इकडे-तिकडे बघणारी. भिंगरी कापायच्या टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर येईना. ताई पण खाली बसली, जमिनीवर. टेबलाखालच्या अंधाराशी बोलत राहिली. म्हणाली, "आमच्या वर्गात नवे बाक आणायचेत, पण कुणाला माप घेता येत नाही."  मग आतून आवाज आला, "टेप शाळेचा की माझा?" माझा टेप दिला मी. पितळेच्या टोकाचा, तुझ्या काकांनी आणलेला.

संध्याकाळी आईबाप आले. मला वाटलं भांडतील, भांडले असते तर बरं झालं असतं. बाप जिन्यातच उभा राहिला. आई आत आली, टेबलावर पसरलेलं कापड उचललं आणि घडी घालत बसली. एक झालं की दुसरं. लाँड्रीतला हात, कोपऱ्याला कोपरा. डोळ्यांतून पाणी चाललेलं. म्हणाली, "मला वाटायचं, मी नसताना कुणीतरी तिच्याकडे बघतंय."  मी तिच्याकडे बघत नव्हते, ठमे. ती माझ्याकडे बघत होती.

आता खरं लिहिते. काका गेल्यावर एकदा बाजारात गेले, पिशवी भरली, आणि कापडवाल्याच्या दुकानासमोर छाती अशी आवळली की श्वास वर येईना. पायरीवर बसले. माणसं जमली. त्यांनीच घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. तेव्हापासून मी जिन्याच्या वळणापलीकडे गेलेली नाही. वळणावर आलं की पाय थिजतात, कानात मशीन सुरू होते. स्कर्ट बघितला तेव्हा कळलं होतं मला. टाका न् टाका ओळखते मी. कळलं आणि उंची सोडली, म्हणजे स्कर्ट तिला वर्षभर पुरेल आणि ती मला. इतकी स्वार्थी झाले होते मी. मला शिव्या दे, हरकत नाही.

आता भिंगरी शाळेतून सुटली की तासभर येते, धडा वाचते. मी हसत नाही, अडखळली की बटणं मोजते. पाव तिची आई आणते, मी न मागता. सकाळी मात्र कुणी नाही. घर एवढं मोठं होतं हे माहीत नव्हतं.

हे पत्र टाकते.

२३ नोव्हेंबर

टाकलं नाही. चपला घातल्या, पत्र पिशवीत घेतलं, वळणावर गेले. परत आले. चपला काढून रडले, मग चहा केला.

२८ नोव्हेंबर

तुझं कार्ड आलं, "उत्तर नाही, काळजी वाटते." पोस्टमन वर आला होता. टेबलावरचं पत्र बघून म्हणाला, द्या, मी नेतो. भिंगरीची आईही म्हणाली, द्या. मी कुणाला दिलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारी चळली.

परवा ताई आली होती. ती वळणावर माझ्याशेजारी उभी राहिली. दोघी भिंतीला चिकटलेल्या. तुम्हा सगळ्या पोरींना हे कुठे शिकवतात गं? काल खालच्या दारापर्यंत गेले. उन्हाने डोळे दिपले, पळत वर आले.

भिंगरीने सगळे बाक मोजले. एक बाक पाऊण इंच बुटका निघाला. तो तिने स्वतःला मागितला, म्हणे माझ्या उंचीचा आहे. पहिल्या रांगेत. काल धड्याची एक ओळ वाचताना कुणीतरी हसलं, तर हिने त्याला सांगितलं, "तुझी कॉलर वाकडी आहे." मी पोट धरून हसले.

४ डिसेंबर

अक्षर तुझ्याहून वाईट आहे, कारण कागद पोस्टाच्या पेटीवर ठेवून लिहितेय. पेन्सिल कापडवाल्याची. मांजरीची पिल्लं मोठी झालीत. दुकान निळं आहे खरं, पण तितकंसं भडक नाही. पोरीने तिखटमीठ लावलं होतं.

छाती धडधडतेय. घाम फुटलाय. पेटीला धरून उभी आहे, लोक बघतायत, बघू देत. आता परत कसं जायचं ते मला माहीत नाही. इतके दिवस आत अडकले होते, आता बाहेर अडकले आहे.  कापडवाला स्टूल घेऊन आलाय. म्हणतो, बसा आजी, शाळा सुटायला अजून वेळ आहे. शाळा सुटली की भिंगरी इथूनच जाते.

सुटल्यावर तिचा हात धरला तर तुझ्या कायद्यात बसतं का, ते उलट टपाली कळव. मी तोवर इथे बसते.

मावशी